ब्रेक दाबला की धुळीसाठी लावलेला मागचा दिवा मंदावतो: माझा अनुभव

जीपच्या मागे छताच्या उंचीवर पिवळा एलईडी लावलाय. कर्जतकडच्या कच्च्या रस्त्यावर टेल लॅम्प धुळीत गडप होतात, मागच्याला निदान हा दिसावा. दिवा एरवी ठीक, पण ब्रेक दाबला की मंदावायचा, फडफडायचा.

दिवा बदलला, रिले बदलला, फ्यूजही. तीन रविवार पाण्यात.

शेवटी लॅमिंग्टन रोडवरून मल्टिमीटर आणला. काळी पिन थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन दिव्याच्या अर्थिंगच्या (करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या) वायरला, दिवा चालू: ०.२ व्होल्ट. मुलाला म्हटलं, दाब ब्रेक. १.८! अर्थिंग चांगलं असेल तर हा आकडा शून्याच्या जवळ हवा. फिटरने ही वायर टेल लॅम्पच्याच स्क्रूखाली खुपसली होती, तीही रंगावर. स्क्रू काढला तर खाली गंज. मुंबईची खारी हवा, दुसरं काय. ब्रेकच्या २१ वॉटच्या दोन्ही बल्बचा करंट त्याच वाटेने परतत होता.

मग आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. चॅसीवर वेगळी जागा निवडून पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा लागेपर्यंत रंग घासला. दिव्यापासून तिथपर्यंत १.५ स्क्वेअर एमएमची स्वतंत्र वायर ओढली, टोकाला रिंग टर्मिनल दाबून बसवलं, खाली दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला. गंज धरू नये म्हणून व्हॅसलिन, पण सगळ्यात शेवटी, वरून. (आधी लावून मी एकदा घोळ घातलाय.) टेल लॅम्पचा जुना स्क्रूही घासून परत बसवला.

आता ब्रेक दाबूनही मीटर ०.०५ वर.