वेशवी ते रत्नागिरी सागरी मार्गाने: निघण्याआधीची तयारी

आधी कालनिर्णय काढा, नकाशा नंतर. या वाटेवर किलोमीटरपेक्षा भरतीचा हिशेब महत्त्वाचा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते: एकादशीला ११ ची पाऊणपट, म्हणजे सव्वाआठ. पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी, सुकती (ओहोटी) मधोमध. हेदवीची बामणघळ (भरतीचं पाणी जिथे उसळतं ती किनाऱ्यावरची घळ) पाहायची तर भरतीआधी तासभर पोहोचा. सुकतीला तिथे नुसती खडकातली भेग दिसते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी उंच उडतं, पण ओल्या, शेवाळलेल्या कातळावर पाऊल ठेवू नका.

वाटेत तीन खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या: वेशवी-बाणकोट, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशी फोनवर विचारा, कारण ती चुकली की खाडीला वळसा घालून जाण्यात तास मोडतात. सुट्टे पैसे जवळ असू द्या, धक्क्यावर रेंज दगा देते. सुकतीला रॅम्पचा उतार वाढतो आणि लांब गाडीचा पुढचा बंपर घासतो, म्हणून सावकाश, बोटवाला सांगेल तशीच गाडी घ्या. चढवल्यावर हँडब्रेक ओढून गिअरमध्ये ठेवा.

टाकी दापोलीत आणि गुहागरला भरा. स्टेपनीतली हवा तपासा, घरीच. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, गाडी नेऊ नका: वरून घट्ट दिसणारी ओली वाळू चाकाखाली खचते, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबाल तितकं चाक खोल जातं, वर भरती येतच असते. रुतलीच तर हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवा, चाकापुढची वाळू उपसा, पायपुसणी घाला. हवा भरायचा पंप सोबत हवाच.

हर्णैला मासळीचा लिलाव संध्याकाळी चारनंतर रंगतो. लिलावात टोपल्या जातात. घरापुरती सुरमई बाजूला बसलेल्या कोळणींकडून घ्या, पण कल्ले उघडून लाल आहेत ना बघून. थर्माकोलच्या खोक्यात माशाच्या वजनाइतका बर्फ लागतो. खोक्याखाली जाड प्लास्टिक घाला, नाहीतर वितळलेलं पाणी कार्पेटात मुरतं आणि वास महिनाभर जात नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, तेव्हा बंदरात ही गजबज नसते.

परतल्यावर गाडी खालूनही गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः चाकांच्या कमानी.