सह्याद्रीची सवय हिमालयात नडते: उन्हाळी ट्रेकच्या या चुका टाळा

मे महिन्यात सह्याद्री तापला की मुंबईकरांच्या सॅका मनाली, कसोल, सांकरीकडे निघतात. वर्षभर किल्ले पायाखाली घातलेले असतात, त्यामुळे दमछाकीची भीती नसते. घोळ तिथेच होतो. कळसूबाई १६४६ मीटर, तर मनाली गावच २००० मीटरच्या आसपास. महाराष्ट्र जिथे संपतो त्याच्याही वर तिथला बसस्टँड आहे.

भरभर चढणं

गडावर सगळ्यांच्या आधी पोचणारा गडी हिमालयात जास्त सांभाळावा लागतो. ४००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास ६० टक्केच उरतो. त्याला शरीर सरावतं ते दिवसांच्या हिशेबाने. मॅरेथॉनचं मेडल त्यात कामाला येत नाही. २०२० साली अटल बोगदा सुरू झाल्यापासून आणखी एक चूक वाढली: सकाळी मनालीत नाश्ता आणि रात्री स्पितीतल्या चंद्रताल तलावाजवळ तंबूत मुक्काम. म्हणजे एका दिवसात २००० वरून थेट ४२५० मीटर. सोय गाडीची झाली, फुप्फुसांची नाही.

हिशेब सोपा ठेवा. ३००० मीटरच्या वर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढायचा. दिवसा वर फिरून खाली झोपायला येणं उत्तम.

डोकं दुखायला लागलं की ‘ऊन लागलं’, मळमळलं की ‘ॲसिडिटी’, गळून गेलं की ‘बसमध्ये झोप नाही झाली’, अशी कारणं आपण चटकन शोधतो. उंचीवर डोकेदुखी आणि सोबत मळमळ, मेलेली भूक किंवा चक्कर असेल, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास धरा. त्या दिवशी पुढे चढू नका. पेनकिलर घेऊन चढत राहणं सगळ्यात वाईट, कारण त्यामुळे इशाराच दबतो. बसल्या जागी धाप लागली, खोकला वाढला, बोलणं बरळल्यासारखं झालं किंवा टाचेला बोटं लावत सरळ रेषेत दहा पावलं टाकता आली नाहीत, तर ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही. रात्र असली तरी सोबत घेऊन खाली उतरायचं.

उंचीच्या त्रासावरची गोळी डायमॉक्स, म्हणजेच ॲसिटाझोलामाइड. प्रतिबंधासाठी नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. मित्राच्या पाकिटातून उचलून घेऊ नका. सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. बोटांना मुंग्या येणं आणि वारंवार लघवी लागणं, हे या गोळीचेच परिणाम आहेत. गोळी घेतली म्हणून वरचा हिशेब मोडायची मुभा मात्र मिळत नाही.

कपाटातले बूट

ही खास मुंबईची चूक. दोन पावसाळे कपाटात राहिलेला महागडा बूट वरून नवा दिसतो, पण त्याच्या तळव्यातलं पॉलियुरेथेन दमट हवेने आतून कुजलेलं असतं. मग दुसऱ्या दिवशी घसाऱ्यावर अख्खा सोल तोंड उघडतो. निघायच्या महिनाभर आधी बूट हातात घेऊन वाकवा, तळव्याच्या कडेला अंगठ्याने दाबा. भेगा दिसल्या किंवा भुसा गळाला तर तो बूट बाद. ठीक वाटला तरी पाठीवर ८ किलो घेऊन किमान दोन दिवस चालवा. संजय गांधी उद्यानातला कान्हेरीचा चढ त्यासाठी पुरतो. वाटेत सोल सुटलाच तर फेव्हिक्विकवर विसंबू नका. तो थंडीत आणि ओलाव्यात टिकत नाही. नायलॉनची दोरी बुटाभोवती दोनदा फिरवून वर गाठ मारा, त्यावर डक्ट टेप.

उतारावर नखं काळी पडतात ती बूट नेमक्या मापाचा घेतल्यामुळे. अर्धा नंबर मोठा घ्या, ट्रेकला निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी नखं कापा आणि उतरताना घोट्याजवळची लेस घट्ट बांधा.

भिजायची हौस

आपल्याकडे पावसात भिजणं हाच ट्रेक. तिकडे ५ अंशांत, वाऱ्यात भिजलेला कॉटनचा टीशर्ट अंगातली ऊब ओढून घेतो आणि तासाभरात हुडहुडी भरते. दर १००० मीटरला तापमान साधारण ६ ते ७ अंशांनी उतरतं, हे मनालीच्या उन्हात लक्षात येत नाही. अंगाला लागून पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकर, वर फ्लीस, त्यावर पाणी न शिरणारं जॅकेट. चढताना घाम येण्याआधीच एक थर काढा, थांबताच घाला. सॅकचं रेनकव्हर फसवं असतं, पाठीच्या बाजूने पाणी शिरतंच. झोपायचे कपडे आणि स्लीपिंग बॅग जाड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मगच सॅकमध्ये भरा.

दुपारी ओढा ओलांडणं

उन्हाने बर्फ वितळतो, म्हणून पहाटे घोट्याएवढा असलेला नाला दुपारी मांडीला लागतो. मनालीजवळच्या हम्टा खिंडीपलीकडच्या शिया गोरूला नदी सकाळी ओलांडतात ती याचमुळे. अनवाणी उतरू नका. बर्फाच्या पाण्यात पाय बधिर झाले की दगड कळत नाही. फ्लोटर घाला, सॅकचा कमरपट्टा सोडा (घसरलात तर सॅक झटकता आली पाहिजे) आणि काठी प्रवाहाच्या वरच्या अंगाला टेकवून तिरपं चाला.

पाणी कितीही नितळ दिसू दे, वरच्या कुरणात मेंढ्या असतात. उकळून घ्या. ४००० मीटरवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं, तेव्हा तीन मिनिटं खळखळू द्या. डाळ त्याच कारणाने कुकरशिवाय शिजत नाही.

बर्फावर गॉगलशिवाय चालू नका, ढग असले तरी. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परतवतो. डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते, तीही संध्याकाळी, चूक करून झाल्यावर. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांखालीही लावा, कारण तिथे ऊन खालून येतं.

विमानतळावरची फजिती

गॅसचं कॅनिस्टर केबिनमध्ये चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. ते पायथ्याच्या गावातच घ्या. ट्रेकिंग पोल चेक-इनमध्ये, पॉवर बँक केबिनमध्ये. परदेशातून मित्राने आणलेला सॅटेलाइट मेसेंजर घरीच ठेवा, परवान्याशिवाय तो भारतात बाळगणं बेकायदा आहे. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून रात्री फोन आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगमध्ये पायांशी घेऊन झोपा.

परतीचं तिकीट ट्रेक संपल्याच्या संध्याकाळचं काढू नका. एक दरड कोसळली की अख्खा दिवस जातो, आणि मे महिन्यात मुंबईच्या गाडीचं दुसरं कन्फर्म तिकीट कसं मिळतं ते सगळ्यांना माहीत आहे.