जुन्या धातूच्या बटणाचा काळ कसा ओळखावा

ऐतिहासिक स्थळी सापडलेले धातूचे बटण ओळखायचे असल्यास पुढच्या नक्षीपेक्षा मागची बाजू आधी पाहावी, कारण टाक्याची कडी कशी बसवली आहे आणि बटण एकसंध आहे की दोन पत्रे कडेला दुमडून जोडलेले आहे, यावरून त्याच्या काळाचा अंदाज येतो. एकसंध, सपाट बटणे अठराव्या शतकात सर्रास वापरली जात. दोन पत्र्यांची पोकळ बटणे मात्र १८१३ नंतर रूढ झाली. मागे कारखान्याचे नाव व पत्ता कोरलेला असेल, तर कारखाना त्या पत्त्यावर कोणत्या वर्षांत होता हे शोधून काळ आणखी नेमका ठरवता येतो.

ब्रिटिश सैनिकी बटणांवर १७६७ च्या आदेशानंतर पलटणीचा क्रमांक येऊ लागला; १८७१ पासून साध्या शिपायांच्या बटणांवर त्याऐवजी राजचिन्ह आले. अधिकाऱ्यांची बटणे निराळीच राहिली, त्यामुळे केवळ क्रमांकावर विसंबू नये.

बटण घासून चकचकीत करण्याचा मोह आवरावा, कारण उरलासुरला सोनेरी मुलामा त्यातच जातो. तिरप्या उजेडात भिंगाखाली अक्षरे बहुधा वाचता येतात. संरक्षित स्थळी तर बटण जागचे हलवूच नये. छायाचित्र व जागेची नोंद संबंधित पुरातत्त्व विभागाकडे द्यावी.