युवकांसमोर व्याख्यान देताय? या चुका टाळा

जानेवारी उजाडला की कोल्हापूर जिल्ह्यात युवकांसाठीच्या व्याख्यानांचा हंगाम सुरू होतो. १२ जानेवारीला जिजाऊंची आणि स्वामी विवेकानंदांची जयंती, त्याच सुमारास राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची निवासी शिबिरं, मग शिवजयंती. पुढे ६ मे हा शाहू महाराजांचा स्मृतिदिन आणि २६ जूनला त्यांची जयंती. महाविद्यालय, तालीम, तरुण मंडळ, ग्रामपंचायत, सगळीकडून बोलावणं येतं, ‘पोरांना जरा चार शब्द सांगा.’ विषयही बहुधा ठरलेला असतो: युवाशक्ती, संस्कार, सुजाण नागरिक.

या व्याख्यानांवर माझा मनापासून विश्वास आहे. चंदगड किंवा गगनबावड्यातल्या एखाद्या मुलीशी घरचा नाही, शिकवणारा नाही असा कोणी मोठा माणूस तासभर गांभीर्यानं बोलतोय, हे वर्षातून फार वेळा घडत नाही. म्हणून तो तास वाया गेला की वाईट वाटतं. वाया जाण्याची कारणं जवळपास सगळीकडे तीच दिसतात. सगळ्यात मोठं कारण हे, की समोर बसलेल्यांना आपण कधीतरी पुढे नागरिक होणारी मुलं समजून बोलतो. पदवीच्या वर्गातली बरीचशी पोरं आजच मतदार आहेत. ज्यांना २१ पूर्ण झालीत, ती ग्रामपंचायतीची निवडणूक लढवू शकतात. हे डोक्यात पक्कं ठेवलं, तर खालच्या निम्म्या चुका होणारच नाहीत.

सुरुवातीलाच झाडाझडती

‘आजची पिढी मोबाइलमध्ये बुडालीय’, ‘आमच्या वेळी असं नव्हतं’. पहिल्या पाच मिनिटांत ही वाक्यं आली की मागच्या रांगा गेल्या म्हणून समजा. पोरं उठून जात नाहीत, नजर खाली घालतात. आणि ज्यांना आपण हे सुनावतो, त्यांचा दिवस कसा जातो हे आपल्याला ठाऊक नसतं. त्यातला कोणी पहाटे धार काढून, डेअरीत दूध घालून आलेला असतो. कोणी शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत रात्रपाळी करून वर्गात बसलेला असतो. हुपरीकडची मुलगी घरी चांदीकामाला हात लावून येते, इचलकरंजीच्या मुलानं यंत्रमागाच्या खडखडाटात अभ्यास केलेला असतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात जनावरं सोडवायला, म्हाताऱ्या माणसांना पाठीवर घेऊन बाहेर काढायला हीच तरणी पोरं छातीभर पाण्यात उतरली होती.

म्हणून बोलावणं स्वीकारताना आयोजकांना चार गोष्टी विचारा. मुलं कुठल्या गावांतली, कमावणारी किती, मुली किती, आणि गेल्या वर्षी कोण काय बोलून गेलं? शेवटचा प्रश्न विसरू नका. सलग तीन वर्षं तेच ‘ध्येय ठेवा, यश मिळवा’ ऐकलेली मुलं चौथ्या वर्षी ऐकत नाहीत, यात त्यांचा दोष नाही.

सुरुवात करायचीच तर ज्याचं उत्तर त्यांना येतं अशा प्रश्नानं करा. ‘राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी किती फूट?’ असं विचारलं की करवीर, शिरोळकडची पोरं लगेच सांगतात: इशारा ३९, धोका ४३. मग विचारा, पाणी ३९ वर आलं तर तुमच्या गल्लीत पहिलं काय करायचं हे ठरलंय का? प्रयाग चिखली, आंबेवाडीकडच्या मुलांकडे याचं उत्तर असतं, कारण त्यांची घरं सगळ्यात आधी हलवावी लागतात. दहा मिनिटांत सभागृहाला कळतं की नागरिक म्हणून वागणं म्हणजे काय, आणि ते सांगणारा त्यांच्यातलाच कोणीतरी असतो.

शाहू महाराजांचं नाव फक्त आरंभी घेणं

कोल्हापुरात व्याख्यान आणि शाहू महाराजांचा उल्लेख नाही, असं होत नाही. पण प्रतिमापूजन होतं, ‘शाहूंच्या पावन भूमीत’ हे शब्द येतात आणि वक्ता लगेच दुसरीकडे वळतो. हातात इतकी मोठी शिदोरी असताना आपण उपाशी बसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

तरुणांना महाराजांचं वय सांगा. जन्म २६ जून १८७४, राज्याभिषेक २ एप्रिल १८९४. म्हणजे गादीवर बसताना १९ वर्षांचे, समोरच्या एस. वाय. च्या मुलाएवढे. २६ जुलै १९०२ ला संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, तेव्हा २८ वर्षांचे. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि मुलांना शाळेत न धाडणाऱ्या पालकांना महिना एक रुपया दंड ठेवला. ६ मे १९२२ ला गेले तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती.

इथे थांबू नका. पुढचं विचारा: नुसता हुकूम काढून मूल शाळेत आलं असतं का? दूरच्या खेड्यातल्या पोरानं शहरात राहायचं कुठं, जेवायचं काय? त्यासाठी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं उभी राहिली. त्यांपैकीच जैन बोर्डिंगात राहून भाऊराव पाटील शिकले आणि पुढे १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. तेव्हा अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या समाजातल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात महाराज स्वतः जाऊन चहा घेत. अस्पृश्यता पाळू नका, हे त्यांनी कपबशी हातात धरून दाखवलं. मार्च १९२० च्या माणगाव परिषदेत त्यांनी २८ वर्षांच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे बोट दाखवून लोकांना सांगितलं, की हा तुमचा पुढारी. माणगाव हातकणंगले तालुक्यात आहे, पोरं दुपारी दुचाकीवर जाऊन बघून येऊ शकतात. तासाभराच्या व्याख्यानात यातली एकच गोष्ट घ्या, पण ती मुळापासून सांगा. कायदा, पैसा, राहण्याची सोय आणि स्वतःचं वागणं हे सगळं जुळल्यावर बदल घडतो, हे तिच्यातूनच कळतं.

व्हॉट्सअॅपवरची सुभाषितं

विवेकानंद, अब्दुल कलाम, आइन्स्टाइन यांच्या नावावर जे काही फिरतं, त्यातलं बरंच त्यांनी म्हटलेलं नसतं. कुठल्या ग्रंथात, कुठल्या भाषणात हे सापडत नसेल तर ते वाक्य गाळा. समोरची मुलं तुम्ही बोलत असतानाच शोधून बघतात. एक खोटं सापडलं, की उरलेल्या तासावरचाही विश्वास उडतो. ‘एका सर्वेक्षणानुसार’ म्हणून फेकलेल्या टक्केवारीचंही तेच.

व्यसनावर बोलताना भीती घालणं

जिभेच्या, जबड्याच्या कर्करोगाचे फोटो पडद्यावर आले की मुली डोळे झाकतात. ज्याच्या खिशात माव्याची पुडी असते तो ती आणखी आत सारतो. त्याला धोका माहीत असतो, सोडायचं कसं हे माहीत नसतं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी टपरीवर काय मिळतं हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तेव्हा बंदीच्या घोषणा देण्यापेक्षा तलफ साधारण पाच-दहा मिनिटांत ओसरते हे सांगा. तेवढा वेळ पाणी पिणं, चालायला जाणं, मित्राला फोन लावणं हे करून बघायला सांगा. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत मदतवाहिनी आहे, १८००-११-२३५६. मन फार खचलं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६. ऑनलाइन गेम किंवा कर्जाच्या ॲपमध्ये पैसे गेले, कोणी फोटोवरून धमकावतंय, तर सायबर तक्रारीसाठी १९३०. हे आकडे फळ्यावर लिहा आणि मुलं उतरवून घेईपर्यंत तिथून हलू नका.

एक गोष्ट फार जपून करायला हवी. कार्यक्रमानंतर एखादी मुलगी किंवा मुलगा बाजूला घेऊन काही सांगू लागतो: घरातली मारहाण, नातेवाइकाचा त्रास, जगावंसं वाटत नाही. त्या वेळी ‘मी कुणालाही सांगणार नाही’ असा शब्द देऊ नका. वय १८ च्या आत असेल आणि लैंगिक अत्याचाराची बाब असेल, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानं ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शांतपणे ऐका, ‘तू सांगितलंस हे बरं केलंस’ म्हणा, आणि तिच्या विश्वासातल्या शिक्षिकेला किंवा समुपदेशकाला तिथेच बोलावून घ्या. मुलांसाठीची १०९८ ही वाहिनीही सांगा. आपण वक्ते आहोत, डॉक्टर नाही. पण त्या मुलीला तिथे एकटं सोडून पुढच्या सत्काराला जाणं कुठल्याही कारणानं बरोबर नाही.

सुरक्षिततेचा उपदेश फक्त मुलींना

‘संध्याकाळी लवकर घरी जा, अनोळखी लोकांशी बोलू नका’ हे मुलींना जन्मापासून ऐकवलं जातं. त्याच सभागृहात बसलेल्या मुलांना मात्र कोणी काही सांगत नाही. त्यांच्याशी सरळ बोला. एसटीच्या दारात टोळक्यानं उभं राहू नका, नकार ऐकायला शिका, मित्र एखाद्या मुलीचा फोटो ग्रुपवर टाकत असेल तर त्याला तिथेच अडवा. मुलींशी बोलायचं तर त्यांच्या हक्कांबद्दल बोला. नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे, आणि १८ पूर्ण झालेली गावची मतदार मुलगी तिथे बसू शकते, हे कितीजणींना माहीत असतं?

देशभक्तीच्या टाळ्या, हातात काही नाही

सीमेवरच्या जवानाची गोष्ट सांगितली की टाळ्या पडतात. त्या खऱ्या असतात, कारण या जिल्ह्यात फौजेत माणूस असलेली घरं खूप आहेत. पण सभागृहाबाहेर पडल्यावर त्या भावनेला करायला काहीतरी हवं.

संविधानातल्या ५१-क कलमात मूलभूत कर्तव्यं आहेत. १९७६ मध्ये दहा आली, २००२ मध्ये अकरावं जोडलं गेलं. सगळी वाचून दाखवू नका. एक निवडा, उदाहरणार्थ नद्यांचं रक्षण, आणि पंचगंगेवर बोला. मतदार नोंदणीचं सांगा. १७ पूर्ण झाल्यावर नमुना ६ आगाऊ भरता येतो, आणि १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर या तारखांना वयाची पात्रता बघतात. नोंदणी अजून राहिली असेल त्यांना हात वर करायला सांगा आणि आयोजकांना तिथेच एक टेबल मांडायला लावा.

आणि हेरवाडची गोष्ट सांगा. शिरोळ तालुक्यातल्या या गावानं मे २०२२ मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वेळी, ठराव केला: नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. साध्या खेड्याच्या सभेत झालेला ठराव मुंबईपर्यंत पोहोचला. आपल्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत कुठला विषय मांडाल, हे मुलांना त्याच बैठकीत कागदावर लिहायला लावा. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, तेव्हा संधी लांब नसते.

कार्यक्रमातच घोळ झाला तर

पाहुणे उशिरा आले, सत्कार लांबले आणि तुमच्या वाट्याला वीसच मिनिटं उरली, असं हमखास होतं. तासाचं भाषण घाईघाईनं कोंबू नका. एक गोष्ट आणि एक काम एवढंच ठेवा. साडेपाचनंतर खेड्यातल्या मुली चुळबुळ करू लागतात, ते कंटाळून नाही. रंकाळा किंवा संभाजीनगर स्टँडवरची गाडी चुकली की घरी पोहोचायला रात्र होते, आणि पुढच्या वेळी घरचे कार्यक्रमाला पाठवत नाहीत. आयोजकांना गाड्यांच्या वेळा आधीच विचारा आणि तुम्ही स्वतः वेळेत थांबा.

शिबिरात दुपारी जेवणानंतरचं बौद्धिक सत्र आलं तर सकाळच्या श्रमदानानं दमलेली मुलं पेंगणारच. त्यांना झाडाखाली गोलात बसवा, पंचवीस मिनिटं बोला, मग पाचजणांचे गट करून एक प्रश्न द्या. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज घुमत असेल तर माइक तोंडापासून थोडा लांब धरा, सावकाश बोला. लाइट गेली तर व्यासपीठ सोडून मुलांमध्ये जा.

‘काही प्रश्न?’ म्हटल्यावर शांतता पसरते, आणि सूत्रसंचालक लगेच आभाराकडे वळतो. त्याला आधीच सांगून ठेवा, की सुरुवातीलाच कोरे कागद वाटायचे, नाव न लिहिता प्रश्न मागवायचे. अशा चिठ्ठ्यांत ‘घरचे लग्न ठरवतायत, शिकायचंय, काय करू?’ असं येतं, जे उभं राहून कोणी विचारणार नाही. वेळ संपला तर उरलेल्या चिठ्ठ्या सोबत घेऊन जा, उत्तरं लिहून आठवड्याभरात महाविद्यालयाच्या सूचना फलकावर लावायला पाठवा. आणि महिन्याभरानं प्राध्यापकांना फोन करून विचारा, नमुना ६ किती भरले, ग्रामसभेला कोण गेलं.