परदेशी स्थायिक व्हायचंय? देश निवडताना या चुका टाळा

‘कॅनडा बरा की ऑस्ट्रेलिया?’, ‘जर्मनीला जावं की नेदरलँड्सला?’ असे प्रश्न रोज विचारले जातात आणि त्यांवर हिरिरीने उत्तरंही दिली जातात. पण विचारणाऱ्याचं वय काय, काम कोणतं, सोबत कोण जाणार आणि मुळात जायचं कशासाठी, हे ठाऊक नसताना दिलेलं उत्तर कुणाच्याच उपयोगाचं नसतं. अख्ख्या देशात कुणीच राहत नाही. आपण जातो ते एका ठरावीक व्हिसावर, एका ठरावीक शहरात, एक ठरावीक काम करायला. निवड फसते तेव्हा या तिन्हींपैकी कशाकडे तरी नीट पाहिलेलं नसतं, असंच बहुतेक वेळा दिसतं.

कारण न ठरवता देश ठरवणं

‘पुढे जायचंय’ हे कारण फार ढोबळ आहे. काही वर्षं भरपूर कमवून परत यायचं, मुलांना दुसरीकडे वाढवायचं, आपल्या विषयात संशोधन करायचं, की मनासारखं मोकळं जगायचं? प्रत्येक उत्तर वेगळ्या देशाकडे नेतं. संयुक्त अरब अमिरातीत पगारावर आयकर नाही. सात-आठ वर्षं बचत करायची असेल तर ही चांगली जागा आहे. पण तिथलं वास्तव्य सहसा नोकरीला किंवा गुंतवणुकीला बांधलेलं असतं. १० वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळाला तरी सामान्य माणसाला नागरिकत्वाची वाट जवळपास नाहीच. मुलांनी तिथलेच नागरिक व्हावं, अशी इच्छा असेल तर पहिल्या दिवसापासून दिशा चुकलेली असते.

‘इथून बाहेर पडायचंय’ हे कारणही खरं असतं, त्यात कमीपणा काही नाही. अडचण इतकीच की ते कारण जगातला कुठलाही देश पूर्ण करतो, त्यामुळे निवड करायला त्याची मदत होत नाही. त्याच्या जोडीला ‘तिथेच का?’ याचं उत्तर लागतं.

घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने आपापली कारणं स्वतंत्रपणे, एकमेकांना न दाखवता लिहावीत. मग प्रत्येक कारणापुढे लिहावं: हे एक साधलं नाही, तरीही मी जाईन का? ज्याच्यापुढे ‘नाही’ येतं, तेच खरं कारण. दोघांच्या कागदांवर वेगळी कारणं निघाली तर भांडण व्हायचं ते विमानात बसण्याआधी झालेलं बरं.

क्रमवाऱ्यांवर भिस्त ठेवणं

जागतिक आनंद अहवालात फिनलंड २०१८पासून सलग पहिला येतो आहे. पण त्या अहवालासाठी देशात राहणाऱ्या लोकांना स्वतःच्या आयुष्याला ० ते १० मध्ये गुण द्यायला सांगतात, आणि उत्तर देणारे बहुतेक तिथेच जन्मलेले असतात. परदेशातून येऊन राहिलेल्यांना विचारणारी सर्वेक्षणं पाहिली की चित्र पालटतं. इंटरनेशन्स या परदेशस्थ लोकांच्या जाळ्याने केलेल्या अशा सर्वेक्षणात रुळण्याच्या आणि मित्र मिळण्याच्या बाबतीत जर्मनी वारंवार तळाशी दिसतो, तर पनामा आणि मेक्सिको वरच्या रांगेत असतात. दोन्हीही खरंच सांगतात, फक्त प्रश्न वेगळा विचारतात.

शिवाय देशाच्या सरासरीत शहर हरवून जातं. कॅनडातच व्हिक्टोरियाचा हिवाळा सौम्य असतो आणि विनिपेगला पारा उणे ३०पर्यंत जातो. हेलसिंकीत डिसेंबरमध्ये दिवसाचा उजेड सहा तासही नसतो आणि त्याचा मनावर होणारा परिणाम वैद्यकशास्त्राने नोंदवलेला आहे. देश पाहून यायचं असेल तर तिथल्या सगळ्यात वाईट महिन्यात जा. उन्हाळ्यात तर प्रत्येक शहर आपलंसं वाटतं.

पहिला व्हिसा बघायचा, पुढचे टप्पे नाहीत

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. ऑफर लेटर हातात आलं की माणसं हुरळून जातात. तो व्हिसा पुढे कायमच्या वास्तव्यात बदलतो का, किती वर्षांनी, कोणत्या अटींवर, हे पाहायचं राहून जातं.

अमेरिकेत अनेक क्षेत्रांतले पगार जगात सर्वाधिक आहेत, यात वाद नाही. पण कुशल नोकरदारांच्या एच-१बी व्हिसासाठी वर्षाला ८५,००० जागा आणि त्यासाठी निवडीची चाळणी. त्यातून पार पडलं तरी ग्रीन कार्डावर, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवान्यावर, एका जन्मदेशाला ७ टक्क्यांची मर्यादा आहे. भारतात जन्मलेल्यांची नोकरीवर आधारित रांग त्यामुळे अनेक दशकांची झाली आहे. त्याच कंपनीत, त्याच पदावर, दुसऱ्या देशात जन्मलेला सहकारी काही वर्षांत मोकळा होतो. पासपोर्ट बदलला तरी जन्मस्थान बदलत नाही.

उलट जपान. ‘तिथे परक्याला कुणी ठेवून घेत नाही’ असं सर्रास बोललं जातं. पण उच्च कौशल्याच्या योजनेत शिक्षण, अनुभव, पगार अशा बाबींचे मिळून ७० गुण झाले तर तीन वर्षांत, ८० झाले तर एका वर्षात कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. एरवी साधारण १० वर्षं लागतात. नागरिकत्व मात्र हवं असेल तर मूळ देशाचं सोडावं लागतं.

जर्मनीत ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना, असलेल्याला २७ महिन्यांत कायमचा परवाना मिळू शकतो, आणि जर्मन भाषेची बी१ ही मधली पातळी गाठली तर २१ महिन्यांतच. जून २०२४पासून नागरिकत्वासाठी आठऐवजी पाच वर्षं पुरतात आणि जर्मनीच्या बाजूने दुहेरी नागरिकत्वालाही आडकाठी राहिलेली नाही. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये नागरिकत्वासाठी साधारणपणे १० वर्षं, आणि देशासोबत प्रांताची व गावाचीही संमती लागते.

दुहेरी नागरिकत्वाचा प्रश्न दोन्ही टोकांनी तपासावा लागतो. नवा देश परवानगी देत असेल, पण जुना देत नसेल तर निवड करावीच लागते. भारत, सिंगापूर आणि जपान प्रौढांना दोन नागरिकत्वं ठेवू देत नाहीत. मालमत्ता, मतदान, म्हातारपणी परत येणं, सगळंच याला जोडलेलं आहे.

दिवसांचा हिशेबही याच टप्प्यावर करायचा. कॅनडाचा पीआर (कायमच्या वास्तव्याचा दर्जा) टिकवायला पाच वर्षांत किमान ७३० दिवस देशात राहावं लागतं. ब्रिटनमध्ये कायमच्या वास्तव्याकडे वाटचाल करताना कोणत्याही १२ महिन्यांत १८०पेक्षा जास्त दिवस बाहेर राहून चालत नाही. कामासाठी सतत फिरणाऱ्याला किंवा मागे आजारी वडील असलेल्याला हा नियम सगळ्यात आधी वाचावा लागतो.

‘थोडं थांबू, मग बघू’

कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे कुशल लोकांना गुणांवर निवडणाऱ्या पद्धतीत, २० ते २९ या वयाला पूर्ण गुण मिळतात, तिशीपासून ते कमी होत जातात आणि ४५व्या वर्षी शून्यावर येतात. ऑस्ट्रेलियाच्या गुणांवर आधारित कुशल व्हिसासाठी निमंत्रण येताना वय ४५च्या आत हवं. न्यूझीलंडची कुशल स्थलांतराची वाट ५५पर्यंत उघडी असते. वय वाढलं म्हणून सगळीच दारं बंद होतात असं नाही, पण कोणतं दार कधी बंद होतं ते कॅलेंडरवर मांडून ठेवा.

पदवी चालली म्हणजे कामही करता येईल, हा समज

कॅनडासाठी पदवीचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं. त्याचा अहवाल आला की अनेक डॉक्टर, परिचारिका, शिक्षक निर्धास्त होतात. तो अहवाल फक्त सांगतो की पदवी तिथल्या अमुक पदवीच्या तोडीची आहे. त्यावर रुग्ण तपासता येत नाही. कामाचा परवाना वेगळी संस्था देते, तीही प्रांतागणिक वेगळी. जर्मनीत डॉक्टरला परवान्यासाठी पात्रतेची मान्यता लागते आणि वर वैद्यकीय जर्मनची परीक्षाही द्यावी लागते. वकील, वास्तुविशारद, इलेक्ट्रिशियन यांचीही अनेक देशांत हीच गत आहे.

सॉफ्टवेअरसारख्या क्षेत्रात ही भानगड सहसा नसते. परवाना लागणाऱ्या व्यवसायात असाल तर देशाची तुलना पगारावरून सुरू करू नका. परवाना मिळेपर्यंत किती वर्षं, किती परीक्षा आणि त्या काळात घर कशावर चालणार, इथून सुरुवात करा.

एकाचाच विचार करून कुटुंबाचा निर्णय घेणं

नोकरी एकाला लागते, आयुष्य सगळ्यांचं बदलतं. सिंगापूरमध्ये मे २०२१पासून डिपेंडंट पासवर (नोकरदाराच्या कुटुंबीयांचा परवाना) आलेल्या जोडीदाराला काम करायचं तर सहसा स्वतःचा वेगळा वर्क पास काढावा लागतो. अमेरिकेत एच-१बीधारकाच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर काम करण्याची मुभा काहींनाच आहे. जर्मन ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला मात्र आल्या दिवसापासून काम करता येतं. ब्रिटनने जानेवारी २०२४पासून बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत आणणं बंद केलं, संशोधन पदव्यांसारखे अपवाद सोडून. दहा वर्षांचा अनुभव असलेली बाई ‘डिपेंडंट’ या शिक्क्यासह घरात बसते, तेव्हा तिच्या हरवलेल्या उत्पन्नापेक्षाही खोल काहीतरी मोडत असतं. निर्णयात तिचा आवाज बरोबरीचा असायलाच हवा.

आणि आईवडील. ‘नंतर बोलावून घेऊ’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, पण ते करता येईल की नाही हे देश ठरवतो. ब्रिटनने २०१२मध्ये नियम इतके आवळले की अवलंबून असलेल्या वृद्ध नातेवाइकांचा व्हिसा क्वचितच मिळतो. ऑस्ट्रेलियात कमी शुल्काच्या पालक व्हिसाची प्रतीक्षा सुमारे ३० वर्षांची आहे, म्हणजे बहुतेकांसाठी ते दार नाहीच. जास्त शुल्क भरून दुसरी वाट आहे, पण तिथेही वर्षानुवर्षं थांबावं लागतं. कॅनडाच्या सुपर व्हिसावर आईवडील सलग पाच वर्षांपर्यंत राहू शकतात, मात्र आरोग्य विमा स्वतः काढावा लागतो. म्हातारपणी त्यांच्याजवळ असणं ज्यांना महत्त्वाचं वाटतं त्यांनी ही माहिती पगाराच्याही वर ठेवावी.

पगाराला चलनाच्या दराने गुणणं

तिथला पगार आपल्या चलनात मोजला की आकडा डोळे दिपवतो, पण खर्चही तिथल्याच चलनात होणार असतो. भाडं, पाळणाघर, कर आणि विमा वजा करून उरेल ते मोजा. काही खर्च तर पोहोचण्याआधीच येतात. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०२४पासून प्रौढांसाठी आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड आहे आणि तो व्हिसाच्या पूर्ण मुदतीचा आधीच भरावा लागतो. पाच वर्षांसाठी एका माणसाचे ५,१७५ पौंड. सवलतींचीही मुदत पाहा: नेदरलँड्सची परदेशी तज्ज्ञांसाठीची ३० टक्के करसवलत पाच वर्षांपुरती आहे, आणि २०२७पासून ती २७ टक्क्यांवर येणार आहे.

आजचे नियम उद्याही राहतील असं धरून चालणं

ब्रिटनमध्ये कुशल कामगार व्हिसासाठीची सर्वसाधारण किमान पगाराची अट एप्रिल २०२४मध्ये २६,२०० पौंडांवरून ३८,७०० आणि जुलै २०२५मध्ये ४१,७०० झाली. कॅनडाने २०२५साठी पाच लाख जणांना पीआर देण्याचं ठरवलं होतं, ऑक्टोबर २०२४मध्ये ते ३,९५,०००वर आणलं. मार्च २०२५मध्ये एक्सप्रेस एंट्रीतून नोकरीच्या ऑफरचे गुणही काढून टाकले. ते गुण धरून आखणी केलेल्यांच्या पायाखालची वाळूच सरकली.

म्हणून एकाच योजनेवर सगळं लावू नका. ज्या देशात तुमच्यासाठी किमान दोन वाटा आहेत, तो देश वरचढ समजा. फक्त पीआर मिळावा म्हणून कर्ज काढून नको तो अभ्यासक्रम घेणं मला धोक्याचं वाटतं. नियम बदलला की हातात कर्ज आणि नावडती पदवी उरते. माहिती त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरूनच घ्या आणि पानावरची तारीख बघा. सल्लागार गाठायचाच असेल तर कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात अधिकृत नोंदणी असते, तिथे नाव शोधा. ‘पीआरची गॅरंटी’ देणाऱ्याकडून उठून या.

अडलात तर

दोन देशांत मन अडकलं असेल तर नोकरी गेल्यावर काय होईल याची तुलना करा. एच-१बीवर असलेल्याला नवा मालक शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. ऑस्ट्रेलियात मालकाने प्रायोजित केलेल्या व्हिसावर जुलै २०२४पासून एका वेळी १८० दिवस मिळतात. घरात लहान मुलं आणि डोक्यावर भाडं असताना हा फरक पगारातल्या फरकापेक्षा मोठा ठरतो.

गुण कमी पडत असतील तर आधी भाषेच्या परीक्षेकडे वळा, कारण वय आणि पदवी हातात नसतात, भाषा असते. कॅनडासाठी फ्रेंच शिकल्याने जादा गुण मिळतात आणि फ्रेंच जाणणाऱ्यांसाठीच्या वेगळ्या निवड-फेऱ्यांची गुणमर्यादाही बरीच खाली असते. दीड-दोन वर्षं नेटाने शिकायची तयारी हवी.

घरात एकमत होत नसेल तर परतीची वाट खुली ठेवणारा पर्याय घ्या: ठरावीक मुदतीची बदली, इथलं घर न विकता जाणं, आणि पुन्हा बोलायची तारीख आधीच ठरवून ठेवणं.

जाऊन वर्ष झालं तरी मन लागत नसेल, तर देशाला दोष देण्याआधी शहर आणि काम तपासा. वरिष्ठ त्रास देतो म्हणून देश सोडणारे आणि गाव एकाकी आहे म्हणून परतणारे अनेक असतात. नोकरी किंवा शहर बदलून त्यांचं भागलं असतं. मात्र व्हिसा मालकाला किंवा प्रांताला बांधलेला असेल तर बदलाआधी नियम वाचा. पहिल्या हिवाळ्यात कायमचा निर्णय घेऊ नका. आणि परतायचं पक्कं झालं असेल, पण पीआर किंवा नागरिकत्वाची मुदत थोड्याच महिन्यांवर असेल, तर शक्य असल्यास तेवढं थांबून कागद हातात घ्या आणि मग तिकीट काढा. मात्र तो कागद टिकवायला नंतर किती दिवस तिथे राहावं लागेल आणि त्यासाठी मूळ नागरिकत्व सोडावं लागेल का, हे आधी पाहून घ्या.