बेल्ट लावलाय, तरी दिवा विझत नाही?

बेल्ट लावला, ‘खट्’ असा आवाजही आला, पण डॅशबोर्डवरचा लाल दिवा हटत नाही आणि बीपने डोकं उठलंय. बिघाड बहुतेक वेळा दोनच जागी असतो: बकलच्या आत किंवा सीटखाली. त्यामुळे गॅरेज गाठण्याआधी अर्धा तास आणि एक टॉर्च एवढं पुरे.

सुरुवातीला दिवा नीट बघा. छातीवर तिरका पट्टा असलेला माणूस दिसतोय, तर ती बेल्टची आठवण. माणसापुढे मोठा गोळाही असेल, तर तो एअरबॅगचा दिवा. तो पेटलेला असेल तर घरी काहीही उघडू नका, गाडी थेट मेकॅनिककडे न्या.

१. तक्रार कोणत्या सीटची?
गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन चालू करा. शेजारची सीट पूर्ण रिकामी करा. तिच्या गादीत वजन ओळखणारा सेन्सर असतो. दप्तर किंवा बाटल्यांची पिशवीसुद्धा त्याला माणूसच वाटते. सामान उचलताच दिवा गेला तर गाडीत बिघाड नाहीच. मागच्या सीटवर कडेचा बेल्ट मधल्या बकलमध्ये गेलाय का, हेही पाहा. हा घोळ वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा होतो.

२. बकल तपासा
इथे वेळ द्या. ‘खट्’ आवाज येतो तो बेल्ट अडकवणाऱ्या खिट्टीचा. दिव्याला खबर देणारा स्विच वेगळा असतो. म्हणून बेल्ट घट्ट बसूनही दिवा चालू राहू शकतो. बेल्टची धातूची जीभ आत घालून हलकेच हलवा. दिवा लुकलुकला तर स्विच झिजलाय किंवा आत कचरा आहे.

टॉर्च मारून आत पाहा. नाणं, बिस्किटाचा चुरा, कागदाचा बोळा असं काहीही निघतं, विशेषतः लहान मुलं बसत असतील तर. आधी व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या. हवेचा फवारा आधी मारलात तर कचरा आणखी खोल जातो. मग जीभ दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा. तेल मात्र सोडू नका. चार दिवस बरं वाटतं, नंतर त्यालाच धूळ चिकटते. गोड पेय सांडून आत चिकटा झाला असेल तर बकल बदलणंच बरं.

३. सीटखाली बघा
बेल्ट लावून बसा आणि सीट पुढे-मागे सरकवा. मधेच दिवा विझला-पेटला तर दोष वायरचा. टॉर्चने पाहा: वायर रुळात चेंगरलीय का, कनेक्टर सैल झालाय का, एखादी छत्री त्यात अडकलीय का. अडकलेली वस्तू अलगद काढा.

पिवळ्या कनेक्टरला किंवा पिवळ्या वेष्टनातल्या वायरीला हात लावू नका, मल्टिमीटर तर मुळीच नको. तो एअरबॅगचा आणि प्रीटेन्शनरचा मार्ग, आणि प्रीटेन्शनरमध्ये धडकेच्या क्षणी बेल्ट खेचून घेण्यासाठी स्फोटक चूर्ण असतं. इतर कनेक्टर दाबून बसवायचा असेल तरी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेली मिनिटं थांबा, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत थोडी वीज साठून राहते.

४. फ्यूज
इग्निशन चालू केल्यावर दिवा पेटतच नसेल, तरच इकडे वळा.

५. स्कॅनर
एवढ्यानेही भागलं नाही तर मेकॅनिककडे जा, पण एअरबॅग यंत्रणेतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर आहे का ते आधी विचारा. साधे स्वस्त स्कॅनर इंजिनापुरतेच असतात.

बीप बंद करायला बेल्टऐवजी बकलमध्ये खोचायच्या रिकाम्या क्लिपचा मोह अनेकांना होतो. बेल्ट लावलाय की नाही, हे पाहून अनेक गाड्या एअरबॅग कधी आणि कसा उघडायचा ते ठरवतात. क्लिप त्यांना खोटं सांगते.

गाडीला अपघात होऊन गेला असेल आणि एका बाजूचं बकल दुसऱ्यापेक्षा खाली ओढलं गेलेलं दिसत असेल, तर तिथला प्रीटेन्शनर उडालेला असू शकतो. तिथे साफसफाईचा उपयोग नाही, तो भाग नवाच बसवावा लागतो.