खाद्यपदार्थाच्या लेबलने फसवले, तर भरपाई कशी मागावी

आमच्या घरी वांग्याचे भरीत शेंगदाणा तेलातच होते, आणि त्या भरवशावर मी अमळनेरच्या बाजारातून तेलाचे एक पाउच आणले होते. दर्शनी बाजूवर भुईमुगाच्या शेंगांचे ठसठशीत चित्र होते. फोडणीला नेहमीचा वास येईना, म्हणून पाउच उलटे करून उजेडात धरले, तेव्हा खालच्या जोडाजवळ बाजरीच्या दाण्यापेक्षाही बारीक अक्षरांत ‘मिश्रित खाद्य वनस्पती तेल’ असे छापलेले दिसले आणि घटकांच्या यादीत पहिले नाव पाम तेलाचे निघाले. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यामुळे यादीतले पहिले नाव म्हणजेच त्या पदार्थात सर्वाधिक असलेली वस्तू. चित्र आणि यादी यांचा मेळ बसत नसेल, तर तक्रारीचे मूळ तिथेच सापडते.

रिकामे झाले तरी ते पाउच मी फेकले नाही, आणि या साऱ्या प्रकरणात तेवढी एक गोष्ट मी अगदी पहिल्या दिवसापासून बरोबर केली. वेष्टन धुऊन, वाळवून जपून ठेवावे. त्यावरचा बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, कमाल किरकोळ किंमत आणि १४ अंकी परवाना क्रमांक वाचता येईल, अशी छायाचित्रे काढावीत. शक्य असल्यास त्याच बॅचचे दुसरे पाकीट विकत घेऊन न फोडता ठेवावे, कारण प्रयोगशाळेत तपासणीची वेळ आली, तर ग्राहक आयोग, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींवर निकाल देणारी यंत्रणा, नमुना तक्रारदाराकडूनच घेतो आणि सीलबंद करून पाठवतो. बिलाचा प्रश्न आपल्याकडे अधिक अवघड आहे. खेड्यातला किराणा दुकानदार बहुधा कच्ची चिठ्ठी देतो. मोबाइलवरून पैसे दिल्याची नोंद उपयोगी पडते, पण तिच्यावरून रक्कम कळते, वस्तू कळत नाही. म्हणून वस्तूचे नाव आणि बॅच क्रमांक लिहिलेले बिल आग्रहाने मागावे. बिल न देणे हीसुद्धा कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे.

दिशाभूल नेहमी तेलासारखी उघड नसते. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात लेकराला जुलाब लागले, की ‘ओआरएस’ (जुलाबात द्यायचे साखर-क्षारांचे द्रावण) हे शब्द पाहून गोड पेयाचा डबा आणणारी माणसे मी कित्येकदा पाहिली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेल्या ओआरएसच्या सूत्रात एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते, आणि साखर त्याहून फार जास्त असलेल्या पेयाने जुलाब वाढू शकतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात हे शब्द वापरण्यास मनाई केली. त्याआधी जून २०२४ मध्ये, घट्ट अर्कात पाणी मिसळून तयार केलेल्या रसांवरील ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढून टाकण्याचा आदेशही निघाला होता. आपल्या पाकिटावरील दाव्याविषयी असा आदेश असेल, तर त्याची प्रत तक्रारीला जोडावी.

पहिले पाऊल म्हणजे लेबलवर छापलेल्या ग्राहक सेवेच्या पत्त्यावर पोचपावतीसह टपालाने नोटीस पाठवणे. तीत खरेदीची तारीख, किंमत, नेमका खोटा दावा, मागणी आणि १५ दिवसांसारखी मुदत स्पष्ट लिहावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. तिथून कंपनीशी बोलणी होतात आणि पुष्कळदा पैसे परत मिळतात, मात्र भरपाईचा आदेश देण्याचा अधिकार हेल्पलाइनला नाही. लेबलवरच कारवाई व्हावी असे वाटत असेल, तर अन्न व औषध प्रशासनाकडे वेगळी तक्रार करावी. तिथला दंड शासनाकडे जमा होतो, आपल्या हाती येत नाही.

भरपाईचा खरा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे कंपनी कुठलीही असली तरी नंदुरबारच्या माणसाला मुंबई गाठावी लागत नाही. वस्तूची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्या अर्ज भरता येतो. कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत मात्र काटेकोरपणे पाळावी. उत्पादक आणि वेष्टन करणारा या दोघांनाही विरुद्ध पक्ष करावे. वर्षानुवर्षे उधारीवर माल देणाऱ्या दुकानदाराविरुद्ध जाणे जिवावर येते, हे मी जाणते. त्याला केवळ औपचारिक पक्ष करून त्याच्याकडून काही मागत नसल्याचे तक्रारीतच नमूद करता येते.

मागणीत वस्तूची किंमत, झालेले नुकसान, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च वेगवेगळा लिहावा, आणि लेबल दुरुस्त करण्याचा आदेशही मागावा. रक्कम किरकोळ आहे म्हणून संकोच करू नये. तमिळनाडूतील तिरुवल्लूर येथे, पाकिटावर १६ बिस्किटे लिहिलेली असताना १५ निघाली म्हणून, सप्टेंबर २०२३ मध्ये आयोगाने १ लाख रुपयांची भरपाई मंजूर केली होती.

एकाच लेबलने अनेकजण फसले असतील, तर आयोगाच्या परवानगीने सर्वांच्या वतीने एकत्र तक्रार करता येते; मात्र सर्वांचे हित सारखेच असल्याचे दाखवावे लागते. अमेरिकेत अशा सामूहिक दाव्यात तडजोड झाली, की मुदतीत अर्ज भरणाऱ्या ग्राहकांना ठरलेल्या निधीतून वाटा मिळतो. तिथली खरेदी नसेल तर त्या निधीवर आपला हक्क नाही, म्हणून भरपाईचे आमिष दाखवून बँकेचा तपशील किंवा ओटीपी मागणारा मोबाइलवरचा दुवा उघडू नये.

आयोगात दोन्ही पक्षांच्या संमतीने प्रकरण मध्यस्थीकडे जाऊ शकते, आणि माझे प्रकरण तिथेच मिटले. त्याआधी कंपनीचा एक माणूस घरी चार पाउच आणि ‘तक्रार उरली नाही’ असा कागद घेऊन आला होता. त्यावर मी सही केली नाही. पण तडजोडनाम्यात रक्कम आणि ती देण्याची तारीख लिहून घेतली, तरी लेबल कोणत्या तारखेपर्यंत बदलायचे ते लिहून घ्यायचे राहिले. पैसे वेळेवर आले, आणि शेंगांचे तेच चित्र त्यानंतरही कित्येक महिने त्याच दुकानात टांगलेले दिसत राहिले. म्हणून सही करण्यापूर्वी रक्कम, ती देण्याची तारीख आणि लेबल बदलण्याची तारीख, या तिन्ही गोष्टी कागदावर आल्या आहेत ना, हे स्वतः वाचून पाहावे.